साहेबाने जॉब उलटून पाहिला नाही

परदेशात मी चार वर्षं राहिलो आणि बघण्यासारखं असं तिथे काहीही बघितलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे उंट, वाळू आणि सोन्याची दुकानं वाचायला बसलेल्यांची निराशा लवकर आटोपेल. मी मस्कतजवळ पाइपलाइनवर वेल्डर होतो. वेल्डरच्या तोंडापुढे काळी काच असते. तिच्यातून ठिणगीशिवाय काही दिसत नाही, आणि काच वर केली की समोर पुढचा पाइप. उंट एकदा दिसला होता. तो ट्रकमध्ये बसून चालला होता आणि माझ्यापेक्षा आरामात होता.

तरी परत आल्यावर गडचांदूरच्या माझ्या दुकानात लोक यायचे ते परदेशाचंच विचारायला. ऐंशी सालाच्या पुढची ही गोष्ट. आमच्याकडे सिमेंटचे कारखाने उभे राहत होते, लोखंडाच्या कामाला तोटा नव्हता, म्हणून मी रस्त्याच्या कडेला टिनाचं शेड टाकून वेल्डिंगचं दुकान काढलं. या भागातून बाहेरदेशी जाऊन धडधाकट परत आलेला मी एकटाच, असा लोकांनी समज करून घेतला होता. राजुऱ्याहून, बल्लारपूरहून, पार आलापल्लीच्या लाकूड डेपोतून माणसं यायची. कोणी जिवतीच्या पहाडावरून पायी उतरून यायचं. पाणी प्यायचे, घाम पुसायचे आणि खिशातून एखाद्या एजंटचं कार्ड काढून माझ्यापुढे धरायचे. "वामनभाऊ, हा मानूस खरा आहे का जी?"

गेट-खिडक्यांच्या कामावर माझं पोट चाललं. पण या दुसऱ्या, फुकटच्या कामाचा मला जास्त अभिमान आहे. आणि त्या कामातली सगळी अक्कल मला माझ्या धंद्यानेच दिली, म्हणून आधी धंद्याबद्दल थोडं सांगतो.

दोन लोखंडी पट्ट्या वेल्डिंगने जोडल्या की सांध्यावर एक काळी खपली धरते. तिला आम्ही स्लॅग म्हणतो. ती खपली आहे तोवर आतला सांधा कसा झालाय हे देवालाही कळणार नाही, म्हणजे देव असलाच तर. मग एक टोकदार हातोडी घेऊन ती खपली ठोकून काढायची. खाली भोकं असली, रेघ तुटकी असली की दिसते. पण तेवढ्यानेही भागत नाही. जॉब, म्हणजे जोडलेला तुकडा, उलटा करायचा. वरून सांधा कोणीही सजवू शकतो. लोखंड पार खालपर्यंत वितळून एकजीव झालं की नाही, ते मागच्या बाजूला कळतं. त्यावरही शंका असली तर सांध्याच्या पट्ट्या कापायच्या, व्हाइस नावाच्या लोखंडी शिकंज्यात धरायच्या आणि वाकवायच्या. चांगला सांधा वाकतो. कच्चा सांधा उघडतो. परदेशात मला घेतलं तेव्हा परीक्षकाने हे सगळं केलं होतं, वर मला दोन शिव्याही दिल्या होत्या.

माणसांच्या बाबतीत मात्र ही अक्कल मला उशिरा आली. मस्कतला गेल्यावर सुरुवातीच्या महिन्यांतली गोष्ट. शुक्रवारची सुट्टी, मी बाजारात एकटाच फिरत होतो. मागून आवाज आला, "काऊन गा, कुठचा?"

कित्येक महिने कानावर 'काऊन' पडलं नव्हतं. कॅम्पमध्ये सगळी हिंदी, मल्याळी, अरबी. मी गर्रकन वळलो. गोरटेला, माझ्याच वयाचा एक माणूस हसत उभा होता. मूलकडचा आहे म्हणाला. धान कापणी झाली असेल का आता, असं त्याने विचारलं आणि माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. आम्ही चहा प्यालो. तो पुढच्या आठवड्यात सुट्टीवर घरी चालला होता. "घरी काई पाठवाचं आहे काय? लाजू नोको, मी काई परका आहो काय?" मी बाबांसाठी घेतलेला टेप-रेडिओ आणि आईसाठी घेतलेलं ब्लँकेट त्याच्या हवाली केलं. वर त्याच्या पाया पडायचा तेवढा राहिलो.

रेडिओ घरी पोचला नाही, ब्लँकेटही नाही. सुट्टीत आलो तेव्हा मी मूल पालथं घातलं, तर त्या नावाचा माणूस तिथे कोणी ओळखत नव्हता. मी दुकानदाराशी सावध होतो, फोरमनशी सावध होतो, पगार वाटणाऱ्याशी तर फारच सावध होतो. मला फसवलं ते माझ्याच बोलीने. आजही आठवलं की माझं डोकं तडकतं, कारण ब्लँकेट आईने कधी पाहिलंच नाही.

तेव्हापासून मी नियम केला: परक्या मुलखात आपल्यासारखं बोलणारा भेटला तर चहा प्यावा, रडायचं असेल तर रडूनही घ्यावं, पण हातातली वस्तू हातातच ठेवावी. दुसऱ्याची वस्तू उघडून पाहिल्याशिवाय उचलू नये, हा त्याचाच दुसरा भाग. या नियमापायी मी सिरोंच्याच्या एका म्हातारीच्या शिव्या खाल्ल्या. तिचा मुलगा मस्कतला होता. सुट्टी संपवून मी परत निघताना ती एवढा लांब प्रवास करून माझ्याकडे आली. हातात कापडाने तोंड शिवलेली बरणी. लोणचं आहे म्हणाली. मी म्हटलं, बाई, उघडून दाखवा. तिने तेलुगूत जे सुरू केलं ते मला समजलं नाही हे बरंच झालं. शेवटी मराठीत म्हणाली, "माह्या हातावर विश्वास नाई तुले?" तरी मी कापड उसवलं. आत खरंच लोणचं होतं. मी ते पुन्हा शिवलं, पण तिच्यासारखं कुठलं शिवता येतं? मस्कतला उतरेपर्यंत माझे सगळे सदरे लाल झाले होते. मुलाने लोणचं मात्र बोटाने चाटूनपुसून खाल्लं.

हसण्यावारी जाण्यासारख्या सगळ्याच गोष्टी नव्हत्या. आलापल्लीचा एक आरागिरणीवाला होता. सागाचं लाकूड नुसतं हात फिरवून सांगायचा, आत गाठ आहे की नाही. त्याला लाकडाच्या कारखान्यात काम देतो म्हणून नेलं आणि तिकडे वाळवंटात बकऱ्या राखायला लावलं. पासपोर्ट मालकाच्या पेटीत. भाषा येत नाही, रस्ता माहीत नाही, बोलायला माणूस नाही. दोन वर्षांनी कोणाच्या तरी दयेने तो सुटून आला. माझ्या दुकानात येऊन मुकाट बसायचा. रस्त्याने बकऱ्यांचा कळप चालला की तोंड फिरवायचा. जाण्याआधी तो माझ्याकडे आला नव्हता आणि मलाही तो कोण हे माहीत नव्हतं. पण त्याला बघून मी मनाशी पक्कं केलं, की आता कोणी विचारायला येण्याची वाट बघत बसायचं नाही. कळलं की आपणच आडवं पडायचं.

आडवं पडायची वेळ आली ती देवरावच्या पायी.

देवराव आधी माझ्याकडे काम शिकला, मग कारखान्यात ठेकेदाराकडे लागला. हात चांगला, डोकं गरम. त्याची बायको सुशीला शिवणकाम करायची. शाळेचे गणवेश, बायकांचे ब्लाउज, लग्नसराईत तर तिच्या दारात रांग. त्या घराची खरी चाकं दोन, देवरावचा हात आणि सुशीलाची मशीन. आणि इतक्या वर्षांनी त्याला कारखान्यात कायम करण्याचं ठरलं होतं. सोमवारी सकाळी हजर व्हायचं होतं. न गेला तर त्याच्या जागी दुसरा घेणार, हे कारखान्याच्या साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं.

नेमक्या त्याच आठवड्यात एक जीप गावात आली. मुंबईहून साहेब आला आहे, आखातात पाठवायला वेल्डर निवडतो आहे, शनिवारी आणि रविवारी परीक्षा. बंद पडलेल्या एका शेडच्या मागच्या मैदानात दोन वेल्डिंग मशीन लावल्या. साहेब खुर्चीवर बसायचा, सफारी सूट, काळा चष्मा. बोलायचं काम त्याच्यासोबत आलेल्या मधुकर नावाच्या माणसाकडे. आणि हा मधुकर बोलायचा आपल्यासारखंच. "मी बी इकडचाच आहो ना गा. आपल्या पोट्ट्याइचं भलं व्हावं म्हनून सायबाले इथी आनलं." मी हे ऐकलं आणि माझ्या नाकाला मस्कतच्या बाजारातला चहा लागला.

शनिवारी संध्याकाळी देवराव पेढे घेऊन दुकानात आला.

"भाऊ, पास! ए-वन!"

मी पेढा हातात घेतला, तोंडात घातला नाही. "जॉब कोनं पाह्यला?"

"सायबानं."

"हातोडी मारून?"

"कायले मारन? त्याले वरूनच दिसते ना. बंबईचा मानूस आहे तो."

"उलटून पाह्यलं काय?"

देवरावचा चेहरा उतरला. मग चढला. "तुमी पेढा खा ना भाऊ."

पुढचं त्याच्याकडून तुकड्या-तुकड्याने काढून घेतलं. पास झालेल्यांनी पासपोर्ट मधुकरकडे जमा केले होते. रविवारी संध्याकाळी खर्चाची रक्कम भरायची आणि सोमवारी सकाळी मुंबईला निघायचं. रकमेसाठी सुशीलाची मशीन विकायची ठरली होती, गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी येणार होतं. मी त्याला म्हटलं, "त्याचा परवाना पाह्यला काय? सरकारनं एजंटाले परवाना लावला आहे आता. परवान्याचा नंबर मांग. पहिले कारखान्यात हजर हो. खरा एजंट पंधरा दिवस थांबते."

देवराव उसळला. "तुमी गेले, तुमी कमावलं, आता आमची बारी आली तं तुमच्या पोटात दुखून राह्यलं. तुमच्यापाशी इतकी वर्सं काम केलं, एक डाव बी चांगलं म्हनलं नाई तुमी. त्या सायबानं एका मिनिटात म्हनलं!"

तो निघून गेला. मला राग आला, पण त्याचं शेवटचं बोलणं खरं होतं. आमच्या धंद्यात उस्ताद 'छान' म्हणत नाही. काम चांगलं झालं तर तो न बोलता पुढचा, जास्त अवघड जॉब हातात देतो. शिकणाऱ्याने त्यातून काय ते समजायचं. माझ्या उस्तादाने मला असंच शिकवलं, मी देवरावला असंच शिकवलं. आणि ही भुकेची जागा त्या मधुकरला बरोबर माहीत होती. नुसती नोकरी देतो म्हटलं असतं तर आमच्याकडच्या माणसाला शंका आली असती. परीक्षा घेतो म्हटल्यावर शंका गेली. पास झालेला माणूस परीक्षकावर संशय घेत नाही.

रविवारी सकाळी दुकान उघडतोय तो सुशीला समोर उभी.

"जयभीम भाऊ."

"जयभीम. काय वं, मशीन विकली काय?"

"नाई विकली, आनि विकनार बी नाई." ती स्टुलावर बसली. "काल मी डब्बा घेऊन गेली होती तिथी. तो सायब पाह्यला मी. भाऊ, ब्लाउज शिवून झाला का मी आधी उलटा करते. वरून शिलाई कोनाची बी चांगली दिसते. त्या सायबानं एक बी पट्टी उलटून पाह्यली नाई. मंग तो पाहून काय राह्यला होता?"

मी कपाळावर हात मारून घेतला. जे मी एवढी वर्षं माणसांना समजावत होतो, ते या बाईने डबा द्यायला जाऊन टिपलं होतं.

"यायले सांगतलं तं मले म्हनते, तुले काय समजते लोखंडातलं," ती म्हणाली.

मी तिला म्हटलं, तू थांब, मी जातो. माझा बेत सोपा होता. आपणच परीक्षेला बसायचं आणि मुद्दाम नापास व्हायचं. मी मैदानात जाऊन रांगेत उभा राहिलो, नाव सांगितलं, मशीन घेतली आणि आयुष्यात केला नाही इतका घाणेरडा जॉब केला. करंट चुकीचा, हात वाकडातिकडा, मधेमधे जागा सोडलेली. हे सोपं नसतं, हात ऐकत नाही. साहेबाने खुर्चीतूनच मान हलवली. मधुकर ओरडला, "पास! ए-वन!"

मी लगेच हातोडी घेतली आणि सगळ्यांसमोर खपली काढली. खाली चाळणीसारखी भोकं. "पाहा," मी म्हटलं, "हा याइचा ए-वन!"

मधुकर नुसता हसला. "वामनभाऊ, तुमी मस्कतचे वेल्डर. मुद्दाम खराब करून राह्यले हे काय सायबाले समजत नाई? हात तं दिसतेच ना जी मानसाचा!"

सगळे हसले. मागून कोणीतरी म्हणालं, "ठेकेदारानं पाठवलं अशीन याले. मानसं चालले गेले तं त्याचं काम कोन करन?" देवराव तिथेच उभा होता. तो जमिनीकडे बघत राहिला. माझी चार वर्षं, माझं दुकान, माझा शब्द, सगळं त्या हसण्यात गेलं. मी परत आलो तेव्हा माझे कान तापले होते.

सुशीला अजून दुकानातच होती. झालेलं सगळं सांगितलं. म्हटलं, "माह्यावर कोनी विश्वास नाई ठेवत. मले काम येते, हेच आडवं आलं. ज्याले काईच येत नाई असा मानूस पास झाला पाह्यजे, तवा समजन याइले."

तिने पदर खोचला.

"मले येत नाई ना," ती म्हणाली.

मी तिच्या हातात चामडी मोजे दिले, काच दिली, वेल्डिंगचा रॉड धरायचा होल्डर दिला. पहिलाच रॉड लोखंडाला चिकटला. तिने तो ओढला तर पट्टीच सोबत उचलून आली. "सुई बी अशीच अडकते," म्हणाली आणि पुन्हा सुरू झाली. ठिणग्या पायावर उडत होत्या, तिने पाय हलवला नाही. मी फक्त सांगत होतो, हात लावला नाही. तो जॉब पुरा तिचाच असायला हवा होता. शेवटी दोन पट्ट्यांच्या मधे कशीबशी एक ओळ उमटली. कुठे ढीग, कुठे रिकामं. सांधा नुसता वरच्या वर चिकटलेला होता. मी वर खपली तशीच राहू दिली.

दुपारी जेवायच्या सुटीत बघायचे राहिलेले जॉब मैदानातल्या एका फळीवर रांगेने मांडलेले असायचे, प्रत्येकावर खडूने नाव. सुटी संपली की साहेब रांगेपुढून चालत जायचा. मी सुशीलाच्या पट्टीवर 'एस. देवराव' लिहिलं आणि ती त्या रांगेत नेऊन ठेवली. सुशीला बायांच्या घोळक्यात उभी राहिली. बऱ्याच जणांच्या बायका डबे घेऊन आल्या होत्या.

साहेब उठला. दात कोरत चालू लागला. मधुकर मागून नावं वाचत होता. "पास. पास. ए-वन. पास." सुशीलाच्या पट्टीपाशी साहेब क्षणभर थबकला. तेवढं तरी त्याला दिसलं असावं. मधुकरने त्याच्या कानात काहीतरी सांगितलं.

"एस. देवराव. बी ग्रेड," मधुकर ओरडला. "पन पास! तिकडं गेल्यावर हात बसते. कोन आहे एस. देवराव? समोर ये गा!"

"मी आहो," सुशीला म्हणाली आणि घोळक्यातून पुढे आली.

आधी हशा उठला. लोकांना वाटलं बाई नवऱ्याच्या बदली बोलते आहे. ती हसली नाही. "हा माह्या हातचा जॉब आहे. आज सकाळी पहिल्यांदा होल्डर धरला मी. देवराव, हे पाहा हात." तिच्या मनगटावर मोज्याच्या वर ठिणग्यांचे लाल ठिपके उठले होते.

मी ती पट्टी उचलली. कंबरेच्या उंचीवरून खालच्या दगडावर सोडून दिली. तिचे दोन तुकडे झाले.

पास झालेला जॉब मातीत दोन तुकडे होऊन पडला होता आणि प्रत्येक जण आपापल्या जॉबकडे बघत होता. मग जिवतीकडच्या एका थोराड वेल्डरने आपली पट्टी उचलली, साहेबापुढे धरली आणि शांतपणे म्हणाला, "हे उलटून पाहा बरं सायेब. यात काय चुकलं ते सांगा."

साहेबाने पट्टीला हातही लावला नाही. तो हिंदीत ओरडू लागला. आमचा अपमान झाला, पोलीस बोलावतो, या गावातून आता एकही माणूस जाणार नाही. ओरडत ओरडत तो जीपकडे निघाला. मधुकर त्याच्या पुढे, काखेत रेक्झिनची पिशवी. त्या पिशवीत कालच्या पास झालेल्यांचे पासपोर्ट होते. आमच्याकडे तेव्हा पासपोर्ट काढायचा म्हणजे नागपूरला किती खेपा, किती खेटे. तो हातचा गेला की माणूस पुन्हा उभा राहत नसे.

सुशीला जीपपुढे जाऊन उभी राहिली. "बोलवा पोलिसाले. आमी इथीच आहो. पन पहिले पासपोर्ट."

बाकीच्या बाया तिच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. माणसं त्यानंतर आली, हे लिहून ठेवायलाच हवं. ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं, मग बंद केलं. मधुकर माझ्याकडे वळला, "वामनभाऊ, तुमी तरी समजवा ना. आपल्याच गावचे आहो आपन."

"कोनतं गाव?" मी विचारलं. "सांग बरं. तुह्या शेजाऱ्याचं नाव सांग."

मधुकरने पिशवी उघडली. एकेकाचं नाव वाचत त्यालाच पासपोर्ट वाटायला लावले. देवरावचं नाव आलं तेव्हा देवराव पुढे झाला नाही. सुशीलानेच पासपोर्ट घेतला, पोलक्यात ठेवला. जीप राजुऱ्याच्या रस्त्याला लागली. पुढे ती मंडळी दुसऱ्या तालुक्यात गेली असं कानावर आलं, तिथे त्यांना कोणी आडवं गेलं की नाही मला माहीत नाही. मी पोलिसांत कळवलं होतं, त्यांनी ऐकून घेतलं. जीप तशीच जाऊ दिली, याची चुटपुट मला आजही आहे.

लोकांनी माझे आभार मानले असतील असं कोणाला वाटेल. नाही मानले. एकेक जण खाली मान घालून निघून गेला. फसवणुकीतून वाचल्याचा आनंद होता, पण शनिवारी घरी नेलेले पेढे कसे परत आणणार? त्यांची नुसती नोकरीच नाही, पास होणंही गेलं होतं. देवराव तेवढा मागे राहिला. त्याने कालच्या ढिगातून आपली पट्टी शोधून काढली आणि माझ्यापुढे धरली.

"म्हंजे मी पास नाई?"

"मले काय मालूम," मी म्हटलं. "चाल दुकानात."

सुशीलाही मागोमाग आली. दुकानात त्याने स्वतः खपली काढली. जॉब उलटा केला. मी वाकून बघितला. त्याने करवतीने सांध्याच्या दोन पट्ट्या कापल्या. पहिली व्हाइसमध्ये धरली, वर लांब पाइप घातला आणि ओढला. पट्टी वाकत वाकत पार दुमडली. सांधा तसाच. सुशीलाने श्वास सोडला. त्याने दुसरी पट्टी लावली. ती अर्ध्यात वाकली आणि सांधा बारीक आवाज करून उघडला.

मग माझ्या तोंडून निघालं, "पहिली चांगली आहे, देवराव. लई चांगली आहे."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तो उकिडवा बसून चक्क रडला. मोठा माणूस असा रडला की काय करावं कळत नाही. मीही चष्मा पुसत बसलो. सुशीलाने दोघांना पाणी दिलं. जरा वेळाने देवराव उठला, उघडलेली पट्टी हातात घेऊन बघितली आणि म्हणाला, "ही दुसरी उद्यापासून करतो. पन उद्या सकाळी नाई. सकाळी हजर व्हाचं आहे."

सोमवारी तो कारखान्यात हजर झाला. मशीन घरातच राहिली. आणि तेव्हापासून पाळी संपली की देवराव माझ्या दुकानात. पट्टी करायचा, कापायचा, वाकवायचा. उघडली की शिवी द्यायचा आणि दुसरी घ्यायचा. पट्टी झाल्यावर पाइप, पाइप झाल्यावर तिरपा पाइप. आता मी बोलायला शिकलो होतो. चांगलं झालं की चांगलं म्हणायचो. त्याने काही माझं उस्तादपण कमी झालं नाही.

दोनेक वर्षांनी मुंबईच्या एका एजंटाची जाहिरात आली. आधी परवान्याचा नंबर पडताळला. त्यांच्याकडून जाऊन आलेल्या दोघांना वर्ध्याला गाठून भेटलो. कराराची भाषा वाचून घेतली, काम कोणतं, जागा कोणती, परतीचं तिकीट कोणाचं. सुशीलाने प्रत्येक गोष्ट दोनदा विचारली. मग देवरावने रजा टाकली आणि पासपोर्ट स्वतःच्या खिशात ठेवून तो परीक्षेला मुंबईला गेला. पुढे कारखान्याचा राजीनामाही त्याने दिला, पण तेव्हा डोळे उघडे ठेवून, घरात सगळ्यांनी बसून ठरवून.

परीक्षा देऊन तो परत येणार त्या दिवशी सुशीला आणि मी बल्लारशाच्या स्टेशनवर गेलो. गाडी थांबायच्या आत तो उडी मारून उतरला. आम्ही दिसताच गर्दीतून हात वर करून ओरडत आला. लोक वळून बघायला लागले.

"भाऊ, उलटून पाह्यलं त्यानं! हातोडी मारली, उलटून पाह्यलं, पट्ट्या कापल्या, वाकवल्या. मंग आनखीन एक डाव उलटून पाह्यलं!"

मी त्याला मिठी मारली. पास की नापास, हे विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. ते सुशीलाने विचारलं.

"पास ना," देवराव म्हणाला, आणि पिशवी उचलून चालू लागला.